मालकांगोणीचं तेल आणि मिठाची पुडी

सातपुड्याच्या जंगलात मालकांगोणीची वेल झाडांवर चढते. पिवळं फळ तडकून तिन्ही बाजूंनी उघडलं, की आत लालभडक गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. आयुर्वेदातली ज्योतिष्मती ती हीच. तिच्या बियांचं तेल स्मरणशक्तीसाठी देण्याची परंपरा जुनी आहे, पण वैद्य ते माणूस पाहून, मात्रा ठरवून देत.

विसाव्या शतकात वैद्य मागे पडला आणि बाटली पुढे आली. १९६४ मध्ये बेल्जियममध्ये पिरासिटाम नावाचं औषध तयार झालं, त्यानंतर ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ गोळ्यांची बाजारपेठच उभी राहिली. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं तर लहान मुलांच्या मेंदूचं थेट विषच. जिंको या झाडाच्या अर्कावर भिस्त ठेवणाऱ्यांचीही निराशा झाली: अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला आणि जिंकोने स्मृतिभ्रंश टळत नाही, हे स्पष्ट झालं.

सातपुड्यातल्या नंदुरबारसारख्या डोंगरी मुलखात मेंदूचा विचार करायचा, तर आधी मिठाचा करायला हवा.

सातपुड्यात मीठ पिकत नाही, ते समुद्राकडूनच यायचं. पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून ते देशभर नेत. १९००च्या सुमारास तापी खोऱ्यातून रेल्वे आली, तसा माल नंदुरबारच्या स्टेशनात उतरू लागला. पण मीठ पोचलं तरी आयोडीन पोचतंच असं नाही. डोंगरउतारावरची माती पावसाने धुपते, तिच्यातलं आयोडीन वाहून जातं आणि तिथे पिकलेल्या धान्यातही ते कमीच उतरतं. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ही हानी पुढे कुठल्याही टॉनिकने भरून निघत नाही.

१९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं. आयोडीनअभावी होणारा गलगंड झपाट्याने घटला. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी साधं, बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन हवं. स्मरणशक्तीच्या किती बाटल्यांवर मात्रा इतकी नेमकी ठरलेली असते?

उतारवयासाठीही सौम्य वाटा आहेत. फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं सकस आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. उरलेल्या निम्म्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला. २०१५ मध्ये आलेल्या निकालात पहिल्या गटाची आकलनशक्ती अधिक सुधारलेली दिसली. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चढ-उताराचा व्यायाम रोजचाच. तिथे निकड आहे ती पोटभर जेवणाची, गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवलेल्या आयोडीनच्या मिठाची.