गोवर (खसरा): पुरळ दिसण्याआधीच पसरणारा आजार आणि त्यापासून बचाव

गोवर हा श्वासावाटे पसरणारा विषाणूजन्य आजार आहे. उर्दूत आपण त्याला खसरा म्हणतो. "लहानपणी सगळ्यांनाच होतो" असं म्हणून बरेच पालक तो अंगावर काढू देतात. पण 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव इथे गोवरची साथ आली आणि लहान मुलं दगावली. म्हणून हा आजार नीट समजून घेऊ या.

कसा पसरतो?

रुग्ण खोकला-शिंकला की विषाणू हवेत जातो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो 2 तासांपर्यंत तिथे टिकू शकतो. लस न घेतलेली 10 मुलं संपर्कात आली, तर 9 जणांना लागण होऊ शकते. शिवाय पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून ते उठल्यानंतर 4 दिवसांपर्यंत मूल आजार पसरवतं. घरच्यांना 'खसरा आहे' हे कळेपर्यंत ते मदरशात, अंगणवाडीत, लग्नात जाऊन आलेलं असतं. म्हणून नुसतं वेगळं ठेवून भागत नाही. खरा बचाव लसच.

लक्षणं

लागणीनंतर साधारण 10 ते 14 दिवसांनी ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल होणं. मग चेहऱ्यापासून अंगभर पुरळ. काही मुलांना न्यूमोनिया, जुलाब, मेंदूला सूज किंवा अंधत्व येतं. कुपोषित मुलांना धोका जास्त.

लस कधी?

• पहिला डोस: 9 महिने पूर्ण झाल्यावर, 12 महिन्यांच्या आत.
• दुसरा डोस: 16 ते 24 महिने.
• राहून गेला असेल, तर 5 वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो.

साथीच्या भागात कधी 6 महिन्यांवरील बाळांना जादा डोस देतात. तो मिळाला तरी नेहमीचे दोन्ही डोस द्यायचेच. लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, घाबरू नये. "लसीमुळे पुढे मूलबाळ होत नाही" ही निव्वळ अफवा आहे.

शेजारच्या 6 महिन्यांच्या बाळाला नेहमीची लस अजून मिळालेली नसते. मोहल्ल्यातली 100 पैकी 95 मुलं दोन्ही डोस घेतलेली असतील, तरच ते बाळ सुरक्षित राहतं. आपल्या मुलाचा डोस त्याचीही ढाल आहे.

घरात रुग्ण असेल तर

• डॉक्टरांना लगेच दाखवा. त्यांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस द्या.
• पुरळ उठल्यापासून 4 दिवस मुलाला शाळा, मदरसा, कार्यक्रमात पाठवू नका. खिडक्या उघड्या ठेवा.
• गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं दूर ठेवा.
• "गरम पडेल" म्हणून अंडी, दूध बंद करू नका. पाणी भरपूर द्या.
• धाप लागली, झटके आले, मूल सुस्त पडलं किंवा पिणं बंद झालं, तर थेट रुग्णालय गाठा.

अयादत फोनवरून करावी. वबा असलेल्या ठिकाणी जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे.

शाळेत प्रवेशाच्या वेळी आम्ही लसीकरण कार्ड मागतो, तेव्हा अनेक घरांत ते सापडत नाही. आजच शोधा. दुसऱ्या डोसची रकाना रिकामी दिसली, तर आशाताईंना विचारून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मुलाला घेऊन जा.