ल्युकेमियातील रक्तपेशींची संख्या

ल्युकेमिया हा अस्थिमज्जेतील रक्तजनक पेशींचा कर्करोग आहे. मूळ रोग आणि त्यावरील उपचार या दोहोंमुळे रक्तपेशींची संख्या बदलते. हे बदल 'सीबीसी' या रक्ततपासणीत दिसतात व उपचारांचे अनेक निर्णय त्यांवर अवलंबून असतात.

सामान्य प्रमाण

निरोगी प्रौढाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी आणि १,५०,००० ते ४,५०,००० प्लेटलेट असतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस, प्लेटलेट ७ ते १० दिवस टिकतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे आयुष्य त्याहून बरेच कमी असते. त्यामुळे पेशीनिर्मिती थांबल्यास न्यूट्रोफिल व प्लेटलेट लवकर घटतात, तर रक्तक्षय सावकाश वाढतो.

रोगाचा परिणाम

तीव्र ल्युकेमियात 'ब्लास्ट' या अपक्व पेशी अस्थिमज्जा व्यापतात आणि निरोगी पेशींची निर्मिती खुंटते. यातून थकवा, वारंवार जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव ही लक्षणे उद्भवतात. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या वाढलेली, सामान्य किंवा घटलेलीही असू शकते. ती १,००,००० पेक्षा जास्त असली, तरी ब्लास्ट पेशी जंतूंचा प्रतिकार करू शकत नसल्याने रुग्ण असुरक्षितच असतो. म्हणून एकूण संख्येबरोबरच पेशींचे प्रकारही मोजले जातात. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात मात्र न्यूट्रोफिल व अनेकदा प्लेटलेटही वाढतात.

उपचारांचा परिणाम

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या निरोगी पेशीही नष्ट करतात. अनेक औषधांनंतर ७ ते १४ दिवसांत पेशींची संख्या नीचांकी पोहोचते. तीव्र ल्युकेमियाच्या प्रारंभिक उपचारांत ती पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागू शकतात.

न्यूट्रोफिल ५०० पेक्षा कमी असताना संसर्गाचा धोका फार वाढतो. अशा वेळी पू किंवा सूज दिसेलच असे नाही. ताप हे एकमेव लक्षण असू शकते. त्यामुळे ३८.३ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप ही तातडीची वैद्यकीय स्थिती मानतात आणि तपासणीचे सर्व अहवाल येण्यापूर्वीच शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात. प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्यास रक्तस्राव टाळण्यासाठी सहसा प्लेटलेट दिल्या जातात. रक्तक्षयासाठी तांबड्या पेशी देतात.

संख्येची पूर्ववतता

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात रोग पूर्णतः आटोक्यात आला असे म्हणण्यासाठी अस्थिमज्जेतील ब्लास्ट ५ टक्क्यांपेक्षा कमी असणे आणि न्यूट्रोफिल किमान १,००० व प्लेटलेट किमान १,००,००० असणे हे प्रमुख निकष आहेत. केवळ रक्ततपासणी सामान्य आल्याने रोग नाहीसा झाला असे ठरत नाही. त्यासाठी अस्थिमज्जेची तपासणी आवश्यक असते.