मत्स्यविनोद ते बुडीत क्षेत्र : गळाने मासे धरण्याचा इतिहास, पैनगंगेच्या काठावरून

१/ ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी वाचकाला बहुधा एका कारणाने ठाऊक असतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे आणि मराठी लोकगीतांच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. त्याच ग्रंथात गळाने मासे धरण्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. आजचा थ्रेड त्या प्रकरणाविषयी आहे.

२/ ग्रंथकर्ता राजा आहे : कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर, बिरुद ‘भूलोकमल्ल’. रचनाकाळ इ. स. ११२९च्या सुमाराचा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, वास्तू, पाकशास्त्र, संगीत, हत्ती, घोडे असे नाना विषय त्यांत येतात. राजाच्या करमणुकींच्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ येतो.

३/ यवतमाळ जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध? पुसद तालुक्यातील डोंगरगाव येथे शके १०३४, म्हणजे इ. स. १११२चा शिलालेख सापडला आहे. त्यात परमार राजपुत्र जगद्देवाचा उल्लेख आहे. हा जगद्देव माळवा सोडून चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास आला होता. विक्रमादित्य हा सोमेश्वराचा पिता. म्हणजे ‘मत्स्यविनोद’ लिहिला जाण्यापूर्वी दोन दशकांच्या आत पूस आणि पैनगंगेचा हा टापू चालुक्यांच्या प्रभावक्षेत्रात होता.

४/ प्रकरणात आहे काय? माशांचे सुमारे ३५ प्रकार. त्यांची विभागणी समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व मोठे अशी केलेली. कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, याची नोंद. तिळाची पेंड, हरभऱ्याचे पीठ, भात, मांस यांपासून करायची आमिषे. मासे एका जागी जमावेत म्हणून तेथे आधीपासून खाद्य टाकण्याची रीत. शिवाय काठी, दोर आणि गळ यांचा विचार.

५/ तुलनेसाठी : इंग्रजीतील गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील प्रबंध १४९६चा आणि आयझॅक वॉल्टनचे विख्यात पुस्तक १६५३चे. ‘मत्स्यविनोद’ त्या प्रबंधाहून साडेतीनशेपेक्षा अधिक वर्षांनी जुना आहे. तरी ‘जगात पहिले आम्हीच’ अशी घाई करू नये. दुसऱ्या शतकात ग्रीक कवी ओपियनने मासेमारीवर दीर्घ काव्य रचले होते. त्यानंतर थोड्याच काळाने एलियनने मॅसिडोनियातील लोकांचे वर्णन केले. गळाला तांबडी लोकर आणि पिसे बांधून ते माशांना फसवत. कृत्रिम आमिषाचा हा अतिशय जुना लेखी पुरावा होय.

६/ आता एक साधा प्रश्न. राजाला हे सारे कोणी शिकवले? कोणत्या डोहात कोणता मासा कोणत्या पिठाला लागतो, हे सिंहासनावर बसून कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणाऱ्यांचे हे ज्ञान असले पाहिजे. ग्रंथावर नाव राजाचे आहे. सांगणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

७/ सातशे वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२४पासून दख्खनभर हिंडत होता. त्याने येथील माशांचे वर्णन १८३९मध्ये प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना त्याने वारंवार स्थानिक नावेच लॅटिनच्या चौकटीत बसवली. खुद्री, कोळस, बोगट, शिंगाळा ही नावे ‘टॉर खुद्री’, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’, ‘लॅबिओ बोगट’, ‘स्पेराटा सींघाला’ या शास्त्रीय नावांत आजही जिवंत आहेत. प्रत्येक नावापुढे कंसात ‘साइक्स, १८३९’ असे लिहितात. ज्या मासेमाऱ्याने टोपलीतला मासा दाखवून त्याचे नाव उच्चारले, त्याच्यासाठी त्या कंसात जागा नाही.

८/ १८७३मध्ये मंगळूरला हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ प्रसिद्ध झाले. महसीर हा त्याचा नायक. एव्हाना कृत्रिम आमिषाने नवे रूप घेतले होते. अमेरिकेत जूलिओ ब्यूएलने १८५२मध्ये धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचे पेटंट मिळवले होते. पाण्यात ओढताना तो चमचा गिरक्या घेत चमकतो आणि जखमी लहान माशाचा भास निर्माण करतो. शिकारी मासा भुकेने किंवा नुसत्या चिडीने त्यावर झडप घालतो. पिठाच्या गोळीला वास लागतो. चमच्याचे सारे काम हालचालीवर चालते.

९/ त्याच काळात नद्यांतील मासे घटत असल्याची तक्रार थॉमस आणि फ्रान्सिस डे यांच्यासारखे अधिकारी करत होते. १८९७चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे हा त्यात गुन्हा ठरला. सुरुंगाबाबत दुमत असण्याचे कारण नाही, कारण एका स्फोटात डोहातील पिल्लेदेखील संपतात. विषाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. काही झाडांची साल वा फळे ठेचून उन्हाळ्यातील आटत्या डोहात टाकायची आणि मासे गुंगवायचे, ही मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांची जुनी रीत होती. साहेबाचा रॉड ‘क्रीडा’ ठरला, आदिवासीची साल ‘अपराध’ ठरली. नदी वाचवणारा कायदा आणि नदीवरचा हक्क हिरावणारा कायदा एकाच कागदावर उतरला.

१०/ ‘मत्स्यविनोद’ आधुनिक जगापुढे आला तो विसाव्या शतकात. गायकवाड ओरिएंटल ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी ‘मानसोल्लास’ संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५मध्ये निघाला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. होरा तेव्हा भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक होते.

११/ दरम्यान नदीच बदलली. पूस, अरुणावती, बेंबळा आणि पैनगंगेवरील इसापूर : धरणे झाली आणि वाहत्या नद्यांचे जलाशय बनले. डोह, खळाळ आणि त्यांतले मासे यांच्या जागी रोहू-कतलाचे बीज, सहकारी संस्था आणि ठेके आले. पाण्याखाली शेतबांध, विहिरी, झाडांची खोडे आणि घरांची जोती गेली.

१२/ येथे समुद्राकडे पाहणे उपयोगाचे ठरते. बुडालेल्या जहाजाभोवती मासे का जमतात? सपाट तळावर आडोसा नसतो. जहाजाच्या सांगाड्यावर शेवाळ आणि शिंपले चढतात, त्यांवर लहान मासे येतात, लहानांमागे मोठे. २०२४मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रात बुडवण्याची योजना याच तत्त्वावर उभी राहिली. जगभर हौशी मंडळी छोट्या कयाकमधून, हलका रॉड आणि कृत्रिम आमिष घेऊन अशा सांगाड्यांभोवती मासे धरतात. तेथे जाळे टाकले तर फाटते. गळ मात्र नेमका सोडता येतो.

१३/ धरणाचे बुडीत क्षेत्र ही विदर्भाची जहाजे होत. उभ्या खोडांवर शेवाळ धरते, तेथे लहान मासे चरतात, मरळ आणि शिंगाळा दबा धरतात. जाळी त्याच खोडांत अडकतात. म्हणून हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातात दोर घेतलेला माणूस विदर्भ-मराठवाड्याच्या जलाशयांवर दिसतो. कयाक आणि तराफा यांच्या किमतीत आकाशपाताळाचे अंतर आहे. खालच्या माशाचे वागणे तेच आहे.

१४/ फरक एक आहे आणि तो कडू आहे. समुद्रातले जहाज एकदा बुडाले. येथे बुडाली ती नांदती गावे. काठावरची माणसे उठून नव्या वसाहतींत गेली. कोणत्या बांधावर, कोणत्या विहिरीपाशी मासा थांबतो हे त्यांना ठाऊक आहे, कारण ते पाणी नव्हते तेव्हा ती माणसे तेथे चालली आहेत. जलाशयाचा असा नकाशा कोणत्याही कचेरीत नाही. तो भोई, ढीवर आणि विस्थापित शेतकरी यांच्या स्मरणात आहे, आणि ती पिढी आता वृद्ध होत आहे.

१५/ सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने असे ज्ञान लिहवून घेतले म्हणून ते टिकले. साइक्सने नावे टिपली म्हणून ती लॅटिनमध्ये तरी उरली. पैनगंगा, पूस, अरुणावती, बेंबळा यांच्या काठी वाढलेल्या वाचकांना म्हणून एक विनंती : आपल्या गावातील माशांची, डोहांची आणि गळाच्या प्रकारांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा. या वेळी सांगणाऱ्याचे नावही, त्यांची संमती असेल तर, सोबत लिहा.