घरगुती वायफाय राउटरची सुरक्षा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रायपूरच्या चौबे कॉलनीत किंवा तात्यापाऱ्यात आज एखाद्या घरी नवी फायबर जोडणी येते, तेव्हा सगळे काम तासाभरात उरकते. कंपनीचा माणूस भिंतीवर राउटर बसवतो, तार जोडतो आणि पासवर्ड काय ठेवायचा ते विचारतो. घरातले कोणीतरी सांगते, मोबाईल नंबरच ठेवा, लक्षात राहील. मग पुढची कित्येक वर्षे त्या डब्याकडे कोणी पाहत नाही. इंटरनेट बंद पडले तरच त्याची आठवण होते.

नवा राउटर घेतल्यावर काय करावे, याची यादी आता बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते : पासवर्ड बदला, जुनी सुरक्षा पद्धत वापरू नका, बटण दाबून जोडण्याची सोय बंद ठेवा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. ही यादी कोणी एका बैठकीत बसून तयार केलेली नाही. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे एक तारीख आणि एक फसलेली गोष्ट आहे. या पाठात आपण त्या घटना क्रमाने पाहणार आहोत. त्यातील सर्वांत महत्त्वाची घटना नवी मुंबईत घडली.

तारेकडून रेडिओलहरींकडे

बिनतारी संगणक-जाळ्यांसाठीचे ८०२.११ हे मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि उपकरणांना प्रमाणपत्र देणारी उत्पादकांची संघटना स्थापन झाली. ‘वायफाय’ हे नाव तिनेच रूढ केले.

भारतात ही सोय घरोघरी पोहोचण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यानंतर घरात राउटर लावण्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही.

इथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा. तारेचे जाळे घराच्या भिंतींच्या आत असते. ते वापरायचे तर आत यावे लागते. रेडिओलहरींना भिंत अडवत नाही. त्या जिन्यात, शेजारच्या घरात आणि खालच्या रस्त्यावरही जातात. म्हणून बिनतारी जाळ्याला सुरुवातीपासूनच कुलपाची गरज होती.

पहिले कुलूप : डब्ल्यूईपी

१९९७ च्या मानकातच हे कुलूप दिलेले होते. त्याचे नाव डब्ल्यूईपी. तारेच्या जाळ्याइतकी गोपनीयता देणे हा त्याचा हेतू होता. प्रत्येक संदेश गुप्त किल्ली आणि २४ बिटांचा एक बदलता आकडा एकत्र करून सांकेतिक केला जाई. २४ बिटांतून असे १,६७,७७,२१६ आकडे होतात. ही संख्या मोठी वाटते, पण गर्दीच्या जाळ्यावर ते सारे काही तासांत संपतात आणि तेच आकडे पुन्हा वापरात येतात.

२००१ मध्ये स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि आदी शामीर यांनी या पद्धतीतील गंभीर दोष दाखवून दिला. पुरेसे संदेश गोळा केले की त्यांतून मूळ किल्लीच काढता येते, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच वर्षी हे काम करणारी मोफत साधनेही उपलब्ध झाली. २००७ पर्यंत जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी ही वेळ एका मिनिटाच्या आत आणली.

दोष सापडताच दुरुस्ती सुरू झाली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही तात्पुरती सुधारणा आली. जून २००४ मध्ये नवे मानक मंजूर झाले आणि त्यावर आधारलेली डब्ल्यूपीए-२ ही पद्धत मार्च २००६ पासून प्रमाणित उपकरणांना बंधनकारक झाली. म्हणजे २००६ नंतरच्या प्रमाणित राउटरमध्ये चांगले कुलूप होतेच. ते लावायचे की नाही, हे मात्र वापरणाऱ्यावर सोडले होते. अनेक राउटर पेटीतून बाहेर काढताना उघडेच असत आणि तसेच चालूही होत. याचे परिणाम दोन वर्षांत दिसले.

नवी मुंबई, जुलै २००८

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५६ माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना जबाबदारी घेणारा ईमेल पोहोचला होता. तपास यंत्रणांनी त्या ईमेलचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेतील इंटरनेट जोडणीपर्यंत गेला. तिथे एक अमेरिकी नागरिक भाड्याने राहत होता.

हा माग कसा निघतो, ते पाहू. प्रत्येक इंटरनेट जोडणीला सेवा पुरवणारी कंपनी एक आयपी पत्ता देते. घरातील संगणक, फोन, दूरचित्रवाणी संच ही सारी उपकरणे सहसा राउटरमधून त्याच एका पत्त्याने बाहेर पडतात. तो पत्ता त्या क्षणी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद कंपनीकडे असते. त्यावरून पोलिसांना घर कळते, पण त्या वेळी कळफलकावर बोटे कोणाची होती, हे कळत नाही.

सानपाड्यात नेमके हेच झाले. त्या रहिवाशाचे संगणक तपासासाठी ताब्यात घेण्यात आले आणि त्याची अनेक वेळा चौकशी झाली. अखेर त्याच्या असुरक्षित वायफायचा वापर दुसऱ्याच कोणीतरी केला, असे तपासातून पुढे आले.

हा प्रकार एकदाच घडला असता, तर योगायोग म्हणता आला असता. परंतु २३ ऑगस्टला आलेला पुढचा ईमेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेल्याचे आढळले. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायमधून गेला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई पोलिसांनी या प्रकरणी अटका केल्या. उघडी वायफाय जाळी जाणीवपूर्वक शोधून ती वापरली गेली, असे पोलिसांचे म्हणणे होते.

इतिहासाच्या दृष्टीने या तीन ठिकाणांत एक साम्य आहे. घर, महाविद्यालय आणि कंपनी यांपैकी कोणाचीही माहिती चोरणे हा हेतू नव्हता. हवा होता तो त्यांचा पत्ता. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर २००८ ने दिले : चोरण्यासारखे दुसरे काही नसेल, तरी तुमचे नाव आहे.

शासन, पोलीस आणि कायदा

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून असुरक्षित वायफाय शोधण्याची आणि मालकांना ते सुरक्षित करण्याची सूचना देण्याची मोहीम हाती घेतली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना वायफायविषयी सूचना दिल्या. वापरणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय जोडणी मिळू नये, हा त्यांचा गाभा होता. आज रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावर वायफायसाठी मोबाईल नंबर द्यावा लागतो आणि त्यावर सांकेतिक अंक येतो. या पद्धतीची मुळे त्या काळातील निर्णयांत आहेत.

कायदाही बदलत होता. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाली. या कायद्यात डिसेंबर २००८ मध्ये मोठी दुरुस्ती संमत झाली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे आणि सायबर दहशतवाद हे तिच्यामुळे स्वतंत्र गुन्हे ठरले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकजाळ्यात शिरणे मूळ कायद्यातही बेकायदा होते.

सोयीची किंमत : २०११ ते २०१७

लांब पासवर्ड टाइप करणे लोकांना त्रासाचे वाटे. त्यावर उपाय म्हणून २००७ च्या सुमारास डब्ल्यूपीएस ही सोय आली. राउटरवरचे बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून उपकरण जोडता येऊ लागले. आठ अंकांच्या शक्यता १० कोटी होतात, म्हणजे कागदावर ही सोय भक्कम होती. डिसेंबर २०११ मध्ये ऑस्ट्रियाचे संशोधक श्टेफान फीबॉक यांनी तिची फट दाखवली. राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासून बरोबर-चूक सांगत असे, आणि शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरत असे. त्यामुळे पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्या भागाच्या १,००० अशा जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडे. हे काम काही तासांचे होते. पिनची सोय बंद ठेवावी, ही सूचना तेव्हापासूनची.

दुसरी फट वायफायच्या पासवर्डात नव्हती. राउटरच्या मांडणीत शिरण्यासाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड असतो. कारखान्यातून तो अनेकदा ‘अ‍ॅडमिन’ असाच येत असे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असे साठाहून थोडे अधिक ठरावीक पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांच्या फौजेने डाइन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला आणि कित्येक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. ज्यांची उपकरणे वापरली गेली, त्यांतील बहुतेकांना याचा पत्ताही नसावा.

भारताला ही झळ जुलै २०१७ मध्ये थेट बसली. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रणालीमुळे निकामी झाले. ज्या मोडेमचा मूळ पासवर्ड बदललेला नव्हता, ते त्यात सापडले. तो बदलण्याचे आवाहन कंपनीला ग्राहकांना करावे लागले.

याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ मधील एक दोष प्रसिद्ध केला. चौदा वर्षांत तयार झालेली कोट्यवधी उपकरणे फेकून देणे शक्य नव्हते. उपाय होता तो सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा. फोन आणि संगणक बहुतेक आपोआप दुरुस्त झाले. राउटरचे तसे नसते, अनेकदा ते काम मालकालाच करावे लागते.

मोबाईल नंबर हा पासवर्ड का नको?

आता रायपूरच्या त्या घराकडे परत येऊ. डब्ल्यूपीए-२ मध्ये एखादे उपकरण जोडले जाताना राउटरशी होणारी देवाणघेवाण बाहेरून टिपता येते. ती एकदा हाती आली की पासवर्डाचे अंदाज राउटरजवळ न थांबता, आपल्या संगणकावर बसून तपासता येतात. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालणारे तिथे कोणी नसते.

भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. खेळांसाठी विकले जाणारे आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांच्या आसपास अंदाज तपासू शकते. ४०० कोटींना १० लाखांनी भागले तर ४,००० सेकंद येतात, म्हणजे सुमारे ६७ मिनिटे. आणि नंबर शेजाऱ्याला आधीच माहीत असेल, तर एक मिनिटही लागणार नाही. याउलट, परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि अंदाजाने सापडत नाही.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही घरबसल्या अंदाज तपासण्याची वाटच बंद केली. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. नव्या राउटरमध्ये ही सोय असेल तर ती निवडावी, जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए-२ ठेवावे, डब्ल्यूईपी मात्र कधीही नको.

समारोप

या वीस वर्षांच्या इतिहासात कुलूप मोडल्याची उदाहरणे आहेत : २००१ चे डब्ल्यूईपी, २०११ ची पिन, २०१७ चा दोष. पण ज्या घटनांनी सामान्य माणसाच्या दारात पोलीस आणले किंवा त्याचा मोडेम बंद पाडला, त्यांत कुलूप मोडावेच लागले नाही. ते लावलेले नव्हते किंवा किल्ली कारखान्यातून आली तशीच लटकत होती. सानपाड्याचे घर आणि २०१७ चे मोडेम यांची गोष्ट या अर्थाने एकच आहे.

दोष केवळ ग्राहकाचा होता, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. उत्पादकाने उघडा डबा विकला आणि बसवणाऱ्याने तो तसाच चालू केला. हे ओळखून कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देण्यास कायद्याने मनाई केली. जबाबदारी हळूहळू घराकडून कारखान्याकडे सरकत आहे. तोपर्यंत नव्या राउटरसमोर पंधरा मिनिटे बसणे हे घरातल्या कोणाचे तरी काम आहे, आणि बहुतेक घरांत ते महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडेच येते.

स्वाध्याय

१. आयपी पत्त्यावरून जोडणी कळते, व्यक्ती कळत नाही. सानपाडा प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. डब्ल्यूपीएसच्या आठ अंकी पिनसाठी ११,००० प्रयत्न का पुरतात, ते गणित मांडून दाखवा.
३. आपल्या घरच्या राउटरची सुरक्षा पद्धत, मांडणीचा पासवर्ड आणि सॉफ्टवेअरची तारीख तपासा. प्रत्येक बाब या पाठातील कोणत्या घटनेशी जोडता येते, ते लिहा.