मुका मार, मैदान आणि वर्ग

आजच्या विषयाला मराठीत एक नेमका शब्द आधीपासूनच आहे: मुका मार. रक्त नाही, सूज नाही, हाड मोडलेलं नाही, तरी आत काहीतरी बिघडलेलं असतं. डोक्याला हादरा बसल्यावर मेंदूचं जे होतं, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, ते याच जातीचं. सीटी स्कॅनमध्ये ते सहसा दिसत नाही. मेंदूची जखम वेगळी आणि मेंदूचा हादरा वेगळा, हा फरक हजारेक वर्षांपूर्वी अल्-राझी या वैद्याने ओळखला होता, असं वैद्यकाचे इतिहासकार सांगतात.

आपल्याला मात्र आज पाहायचा आहे तो शाळेचा इतिहास. हादरा बसलेल्या मुलाने पुन्हा वर्गात कधी बसावं, कसं बसावं, हा प्रश्न विचारायला इतका उशीर का झाला?

दिसणाऱ्या जखमेच्या बाबतीत असा उशीर झाला नव्हता. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेले सैनिक फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डस्टाइन यांच्या संस्थेत येत. तिथे उपचारांच्या जोडीला वाचन-लेखनाचं शिक्षण होतं आणि कामाचा सराव करायला कार्यशाळाही होती. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना गोल्डस्टाइन माहीत असतात ते मेर्लो-पाँतींमुळे. मेर्लो-पाँतींनी त्यांच्या एका रुग्णावर पानंच्या पानं लिहिली आहेत. पण त्या रुग्णाला रोज कोणीतरी शिकवत होतं, हे आमच्या वर्गांत फारसं सांगितलं जात नाही. असो. जखम दिसत होती, म्हणून शाळा निघाली.

मुक्या माराचा विचार पुढे आला तो खेळाच्या मैदानावरून. २००१ साली व्हिएन्नात पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आइस हॉकी, फुटबॉल आणि ऑलिंपिकच्या संघटना तिच्या मागे होत्या. तिने मैदानावर परतण्याच्या पायऱ्या ठरवल्या: आधी पूर्ण विश्रांती, मग हलका व्यायाम, मग आपल्या खेळाचा सराव, आणि अगदी शेवटी अंगाला अंग भिडणारा खेळ. यांत वर्गाची पायरी नव्हती.

मग २००६चा ऑक्टोबर. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या सामन्यात पडला, डोकं जमिनीवर आदळलं. थोडा वेळ तो बाहेर बसला, आणि त्याच सामन्यात पुन्हा खेळला. सामना संपल्यावर तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण अपंगत्व आलं. त्याच्या नावाचा कायदा २००९ साली झाला. हादऱ्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय परत उतरवायचं नाही. पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी या धर्तीचे कायदे केले. कायदा चांगलाच आहे. त्याने जीव वाचतात. पण मैदानातून बाहेर काढलेलं हे मूल दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या तासाला बसतं, आणि त्याबद्दल कायदा गप्प आहे.

यामागे एक जुनी समजूत आहे. धावणं म्हणजे श्रम, आणि वाचणं म्हणजे नुसतं बसणं. शरीराला वजन असतं, विचाराला नसतं. देकार्तने मन आणि शरीर यांची वाटणी करून दिली; शाळांनी ती वेळापत्रकात उतरवली असं म्हणायला हरकत नाही. आणि गंमत बघा, त्याच २००१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले गिझा आणि होव्डा मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे लिहीत होते की हादऱ्यानंतर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं, आणि ही घडी पुन्हा बसवायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेव्हा अशा मेंदूला धडा वाचणं हेसुद्धा ओझं उचलणंच आहे. मूल म्हणतं, अक्षरं नाचतात, दिवे टोचतात, वर्गातला गलका सहन होत नाही. बाहेरून ते ठणठणीत दिसतं. शिक्षकाला वाटतं, टाळतोय. अशा मुलाच्या पदरी पहिली येते ती सहानुभूती नाही, संशय येतो.

हे ओळखल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अंधारी खोली, पुस्तक नको, टीव्ही नको, मित्र नकोत. मग मिलवॉकीत या सक्तीच्या विश्रांतीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. ११ ते २२ वयाच्या रुग्णांपैकी काहींना ५ दिवस कडक विश्रांती, बाकीच्यांना १-२ दिवस आणि नंतर हळूहळू नेहमीचं आयुष्य. कडक विश्रांतीवाल्यांनीच जास्त तक्रारी सांगितल्या. आम्हाला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. १४ वर्षांच्या मुलीला अंधारात एकटं ठेवलं, तर डोकं दुखायला वेगळा हादरा कशाला हवा?

शहाणपणाची वाट २०१३ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दाखवली होती. शिकण्याकडे परतणं, याच नावाचा त्यांचा अहवाल आहे. त्यातला निकष आम्हाला फार आवडतो: मूल घरी ३० ते ४५ मिनिटं त्रास न वाढता लक्ष देऊ शकत असेल, तर ते शाळेत येऊ शकतं. म्हणजे साधारण एक तासिका. मग सवलती येतात त्या अगदी घरगुती. शाळेचा दिवस छोटा करा. डबा शांत जागी खाऊ द्या. वाद्यवृंदाच्या तासातून सुटका द्या. डोळ्यांना त्रास होत असेल तर टोपी घालू द्या. टिपणं छापून द्या. एका दिवशी दोन परीक्षा नकोत. यात एकही महागडं यंत्र नाही. लागतो तो रोज संध्याकाळी घर, डॉक्टर आणि शाळा यांनी एकमेकांशी बोलायचा वेळ. तो मिळवणं यंत्र मिळवण्याहून अवघड, हे वर्गशिक्षकांना वेगळं सांगायला नको.

शाळेत परतण्याच्या पायऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लिहिल्या त्या बर्लिनला, २०१६ साली. व्हिएन्नानंतर १५ वर्षांनी. २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेने पहिल्या २४ ते ४८ तासांत बेताची विश्रांती आणि कमी स्क्रीन सांगितला, कडक विश्रांती नाकारली. तिथल्या आढाव्यानुसार सुमारे ९३ टक्के खेळाडू १० दिवसांच्या आत जादा मदतीशिवाय पूर्ण अभ्यासाला लागतात. बहुतेक पालकांनी धीर धरावा असाच हा आकडा आहे. पण उरलेल्या मुलांना आठवडे, कधी महिने लागतात, आणि सवलती आखायच्या त्या त्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

शिवाय हा आकडा खेळाडूंचा आहे. अमेरिकेतले बहुतेक कायदेही शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलांसाठीच आहेत. इलिनॉयने २०१५ साली अभ्यासाकडे परतण्याचे नियम शाळांवर बंधनकारक केले, तेही खेळाच्याच कायद्यात. जिन्यावरून घसरलेली मुलगी, सायकलवरून पडलेला मुलगा त्यात सहसा येत नाही. आणि आपल्याकडे स्कूटरच्या मागच्या सीटवरून पडलेलं मूल दवाखान्यातून घरी येतं ते ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढं ऐकून. सोमवारी त्याचं दप्तर भरलेलं असतं, आणि वर्गशिक्षिकेला द्यायला हातात एक चिठ्ठीही नसते.