आमराईचे आयुष्य

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या गावात जा. नाल्याच्या काठी किंवा शेताच्या धुऱ्यावर एखादा थोराड आंबा उभा असेल, तर त्याच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, ''बाबाजी, हे झाड कोणी लावलं?'' उत्तर बहुधा ठरलेले असते. ''माह्या आज्यानं लावलं म्हनतेत. नाही त आज्याच्या बापानं लावलं असन.'' आपण लावले, असे सांगणारा क्वचितच भेटतो.

या साध्या उत्तरात फार मोठी गोष्ट आहे. ज्वारी चार महिन्यांत हाती येते, कपाशी सहा-आठ महिन्यांत. संत्र्याचा बगीचा लावणारा माणूस त्याची फळे खातो आणि बहुधा त्याच बगीच्याचा शेवटही पाहतो. आंब्याचे तसे नाही. गावरान आंबा हा तीन-चार पिढ्यांचा सोबती. म्हणून आमराईचा इतिहास म्हणजे, गावाने आपल्या नातवा-पणतवांचा विचार केव्हा केला आणि केव्हा सोडला, याचाच इतिहास होय. आज आपण त्या बाजूने या झाडाकडे पाहू.

प्रथम झाडाच्या वयाचा हिशेब करू. कोयीपासून उगवलेला आंबा साधारण सहा ते दहा वर्षांनी फळ धरतो, पंधरा-वीस वर्षांत भरात येतो, आणि जमीन खोल, पाण्याचा निचरा चांगला असला तर शंभर वर्षे सहज जगतो. दोनशे, तीनशे वर्षांची झाडेही फळे देत असल्याच्या नोंदी आहेत. कलमी आंबा याहून उतावळा. तो चौथ्या-पाचव्या वर्षीच फळ दाखवतो. त्याचा भराचा काळ मात्र चाळीस-पन्नास वर्षांचा धरतात. लवकर येणारे लवकर थकते, हा निसर्गाचा जुनाच व्यवहार.

मात्र झाडाचे वय सांगताना सावध राहावे. गुजरातेत संजाण येथे एक 'चालता आंबा' आहे. त्याची फांदी जमिनीला टेकते, तेथे मूळ धरते, आणि झाड जणू पुढे सरकते. पारशी मंडळी संजाणला उतरली तेव्हापासूनचे, म्हणजे तेरा शतकांचे ते झाड, असे लोक सांगतात. ही झाली श्रद्धा. इतिहासाला पुरावा लागतो. आंब्याच्या खोडात दर वर्षाला एक अशी वलये नीट पडत नाहीत, आणि जुने खोड तर आतून पोकळच झालेले असते. मग वय कसे ठरवायचे? खोडाचा घेर मोजावा, शेजारच्या विहिरीचे साल शोधावे, घराण्याच्या पिढ्या मोजाव्या, गावचे जुने कागद पाहावे. सेवाग्रामच्या आश्रमातला बापूजींनी लावलेला पिंपळ १९३६ चा, हे आपण सहज सांगतो. कारण ते साल कोणीतरी लिहून ठेवले. आपल्या धुऱ्यावरच्या आंब्याचे साल कोणी लिहिले नाही, एवढाच फरक.

झाडे लावण्याची ही रीत किती जुनी? सम्राट अशोकाचा जो स्तंभ हल्ली दिल्लीत आहे, त्यावरचा सातवा लेख सव्वाबावीसशे वर्षांहूनही जुना आहे. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेने वड लावले आणि आमराया लावल्या, असे राजा त्यात सांगतो. आमराईसाठी तेथे 'अंबावडिका' असा शब्द आहे. आपली मराठी 'वाडी' त्याच घराण्यातली. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त झाडांवर एक अध्याय लिहिला. दोन झाडांत वीस हात अंतर ठेवणे उत्तम, सोळा हात मध्यम, आणि बारा हातांहून कमी नसावे, असा त्याचा दंडक आहे. वीस हात म्हणजे सुमारे तीस फूट. मोठ्या वाढीच्या आंब्यासाठी दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूट अंतर ठेवा, असे कृषी खाते सांगत आले आहे. चौदाशे वर्षांत हिशेब फारसा बदलला नाही, कारण झाड बदलले नाही.

विहीर खोदणे, तळे बांधणे आणि आमराई लावणे ही आपल्याकडे पुण्यकर्मे मानली गेली. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नर्मदेकाठच्या मुलखाबद्दल १८४४ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो की, आमराई लावणारा माणूस आणि त्याची बायको, बागेतल्या एका आंब्याचे दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, लग्न लावल्याखेरीज तिचे फळ चाखत नसत. आज ऐकताना हसू येईल. पण झाडाला घरातल्या लेकरासारखे मानल्याशिवाय त्याचे लग्न कोण लावील?

मराठेशाहीतही हीच भावना राज्यकारभारात उतरलेली दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार आहे. आंबा, फणस यांचे लाकूड जहाजांच्या कामाचे असले तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारणही दिले आहे : ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती मुलांप्रमाणे वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला अंत नाही. झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच न्यावे. जबरदस्ती करू नये. हा दंडक कोकण-घाटाकडचा, नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातला नव्हे. पण झाडाचे वय हाच त्याच्या रक्षणाचा आधार, हा विचार कोठेही लागू पडावा असा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नागपूरचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले. १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, आणि १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आले. त्याच दशकात बंदोबस्त झाला आणि मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला उद्याची शाश्वती आहे तोच आंबा लावतो. पुढच्या साली शेत हातात राहील की नाही, अशी धास्ती असलेले कूळ पणतवासाठी झाड कशाला लावील? म्हणून जुन्या आमराया बहुतेक पाटलांच्या, मालगुजारांच्या किंवा देवस्थानांच्या दिसतात. त्या लावताना पाणी वाहणारे हात मात्र गड्यांचे आणि मजुरांचे होते, हेही विसरू नये.

त्याच सुमारास कापसाचे दिवस आले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, त्यामुळे विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. काळी जमीन कपाशीकडे गेली. आंब्याला उरला तो नदी-नाल्यांचा काठ, गावाजवळची हलकी जमीन आणि शेताचा धुरा. त्यात झाडाचे नुकसान नव्हते. कारण भारी काळ्या मातीत पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात. वर्धा, वेणा, धाम, बोर यांच्या काठची खोल गाळाची जमीन आंब्याला जास्त मानवते.

मालगुजारी १९५१ साली संपली. तेव्हाच्या कायद्याने आमराया गावच्या कागदात ज्यांच्या नावे होत्या, त्यांच्याकडेच ठेवल्या. पण पुढे घराघरांत वाटण्या झाल्या. जमिनीचे चार तुकडे होतात, झाडाचे होत नाहीत. धुऱ्यावरचा आंबा दोघा भावांचा झाला, की फळ दोघांना हवे, सावली मात्र कोणालाच नको, कारण सावलीत पीक येत नाही. मग लाकडाचा व्यापारी येतो. फळांच्या पेट्या, वीटभट्ट्या, इमारतीच्या फळ्या, सगळीकडे आंब्याचे लाकूड खपते. दीडशे वर्षांचे झाड दोन दिवसांत गाडीवर चढते. महाराष्ट्रात १९६४ सालच्या वृक्षतोड कायद्याने परवानगीशिवाय तोडण्यास मनाई असलेल्या झाडांत आंबा आहे. कायदा हवाच, पण तो कुऱ्हाड थांबवू शकतो, झाड लावू शकत नाही.

कोणी म्हणेल, ''एक झाड गेले तर दहा कलमे लावू. त्यात काय बिघडले?'' १९९० पासून रोजगार हमी योजनेतून राज्यात फळबागा लागल्या. केसर, दशहरी, लंगडा आपल्याकडेही आले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण या हिशेबात एक चूक आहे, ती समजून घेतली पाहिजे.

आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीत बहुधा एकच अंकुर असतो, आणि तो दोन झाडांच्या संकरातून आलेला असतो. म्हणून आंबा कोयीपासून लावला, की तो आईसारखा निघेलच असे नाही. गोड झाडाची कोय आंबट निघते, लहान फळाच्या झाडाचे लेकरू मोठे फळ देते. म्हणजे गावातला प्रत्येक गावरान आंबा हा स्वतंत्र वाण आहे. लोकांनी हे शास्त्र न शिकता ओळखले होते, म्हणून तर झाडाझाडाला नावे ठेवली : शेंद्र्या, साखऱ्या, खोबऱ्या, केळ्या, गोट्या, आणि शेपूचा वास येतो तो शेप्या. एक लोणच्याला चांगला, दुसरा रसाला, तिसरा माचात घातला तर जास्त दिवस टिकणारा. शेंद्र्या तुटला की ती चव जगात कोठेही उरत नाही. वड पडला तर दुसरा वड लावता येतो. शेंद्र्या पुन्हा लावता येत नाही.

मात्र तो मरण्याआधी त्याचे कलम केले, तर तो जगतो. लखनौजवळ काकोरीच्या बाजूला दशहरी नावाचे खेडे आहे. तेथले एक जुने गावरान झाड म्हणजे सगळ्या दशहरी आंब्यांची आई. कोणीतरी त्या झाडाच्या काड्या घेतल्या, कलमे बांधली, आणि आज तो आंबा देशभर आहे. आपल्या गावचा शेप्या कदाचित देशभर जाणार नाही. पण दोन-चार धुऱ्यांवर उभा राहिला तरी पुरे.

हे काम अवघड नाही. जून-जुलैत रस खाल्ला की ताज्या कोयी लगेच लावाव्या. वाळलेली कोय थोड्या आठवड्यांतच निकामी होते. उन्हाळ्यात हात-दोन हात खोल खड्डे खणून, तापू देऊन, माती व शेणखताने भरून ठेवलेले असावेत. कोय कायमच्या जागीच लावली, तर सोटमूळ सरळ खोल जाते आणि आपल्याकडचा उन्हाळा झाड सोसते. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले, की पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या शेंड्यावर जुन्या झाडाची काडी पाचर मारून बांधावी. काडी तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली असावी. आठवडाभर आधी तिची पाने, देठ ठेवून, छाटावी. झाड फार थकलेले असेल, तर आधी एखादी फांदी छाटून नवी फूट येऊ द्यावी आणि तीतून काड्या घ्याव्या. ती काडी वयाने प्रौढच असते, म्हणून कलम चार-पाच वर्षांत फळते. पहिले तीन उन्हाळे पाणी आणि काट्यांचे कुंपण, एवढे मात्र चुकवू नये. जुन्या झाडावरचे बांडगूळही दर साली काढावे, म्हणजे त्याला आणखी काही वर्षे मिळतात.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती आहे. नयी तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून देशापुढे गेला. हाताने काम करता करता शिकावे, हा त्याचा गाभा. तो आपल्याच मातीतला आहे. आपल्या शाळेतल्या मुलांकडून गावच्या जुन्या आंब्यांची एक वही तयार करवून घ्या. झाडाचे नाव काय, छातीच्या उंचीवर घेर किती, कोणाच्या पिढीत लागले, फळ केव्हा पिकते, चव कशी, कशाला वापरतात, एवढे लिहिले की पुरे. घेर मोजताना गणित होते, म्हाताऱ्यांना विचारताना इतिहास होतो, कलम बांधताना शास्त्र होते. शेतकऱ्याने जपलेला वाण त्याच्या नावे नोंदवण्याची सोय २००१ च्या कायद्याने झालेली आहे. तेव्हाही अशी वही उपयोगी पडेल.

आणि शेतकरी बंधूंनो, येत्या पावसाळ्यात धुऱ्यावर एक खड्डा राखून ठेवा. गावातल्या ज्या झाडाचा रस तुम्ही लहानपणापासून खाल्ला, त्याची काडी त्यात वाढू द्या. लावल्याचे साल घरच्या वहीत लिहून ठेवा. पन्नास-साठ वर्षांनी कोणी विचारील, ''हे झाड कोणी लावलं?'' तेव्हा तुमच्या नातवाला ''असन'' म्हणावे लागणार नाही. तो तुमचे नाव आणि साल दोन्ही सांगेल.