तांड्यावरच्या कवडीची कुळकथा

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. तरी महागाव-पुसद पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर एखाद्या म्हाताऱ्या याडीनं, म्हणजे आईनं, पेटीतला जुना फुलिया-गणो बाहेर काढला, की त्याच्या कडेला दाटीनं शिवलेल्या पांढऱ्या कवड्या दिसतात. डोक्यावरच्या घागरीखाली कवड्यांनी मढवलेली चुंबळ आणि तिच्यामागे पाठीवर लोंबणारा भरतकामाचा चौकोन, असा हा साज. रोजच्या पाण्याला तो कुणी वापरत नाही, सणासमारंभालाच निघतो.

कवडी म्हणजे एका लहान समुद्री गोगलगायीचं कवच. ती हिंदी महासागरात बऱ्याच ठिकाणी सापडते, पण तिच्या व्यापाराचं मूळ ठाणं मालदीव. चौदाव्या शतकात तिथं काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूतानं ती कशी तयार करतात ते लिहून ठेवलं आहे. बेटांवरचे लोक हे प्राणी समुद्रातून गोळा करून किनाऱ्यावरच्या खड्ड्यात टाकत. मांस नाहीसं होई आणि पांढरं कवच उरे. बंगालचे व्यापारी त्या बदल्यात तांदूळ देत. बंगाल आणि ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कवडी हे रोजच्या व्यवहारातलं नाणं होतं. डच आणि इंग्रज जहाजांनी तीच कवडी पश्चिम आफ्रिकेत नेली आणि तिच्या मोबदल्यात गुलाम विकत घेतले. आपल्याकडे ती तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत शोभते. एकाच कवचाच्या वाट्याला किती वेगवेगळे जन्म आले!

तांड्यावरचा तिचा जन्म बैलांच्या वाटेनं समजतो. रेल्वे येण्याआधी देशाच्या आतल्या भागात धान्य आणि मीठ पोचवायचे ते बंजारे, बैलांच्या पाठीवर गोणी लादून. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तरेत एकाच तांड्यात 14,000 बैल दिसले होते. मीठ वाहणाऱ्या लोकांच्या अंगावर समुद्राची वस्तू यावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. ज्यांचं घरच चालतं, त्यांची दौलत अंगावर घेण्याजोगी असावी लागते, आणि कवडी हलकी, टिकाऊ, सहज न फुटणारी. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांचा व्यापार ओसरत गेला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे काही भागांत बंजाऱ्यांवरही बसला. तांडे स्थिरावले, माणसं शेतीला लागली. कवड्या मात्र कापडावर राहिल्या.

त्या कापडावर टिकतात कशा, हे पाहण्यासारखं आहे. अख्खी कवडी पाठीकडून फुगीर असते, शिवली तर डुगडुगते. म्हणून तिची पाठ फोडून किंवा घासून काढतात. मग ती सपाट बसते, पोकळीतून दोरा ओवता येतो आणि दातेरी फट वर राहते. आजूबाजूला आरसे आणि रंगीत दोऱ्याचे बारीक टाके. आधी कागदावर नक्षी काढायची पद्धत नाही. अनेक नमुने कापडाचे धागे मोजून उभे राहतात. शिकवणारी आई, नाहीतर आजी. या कलेसाठी कुठली शाळा नव्हती. बोटांना सवय होईपर्यंत उसवायचं आणि पुन्हा घालायचं, एवढंच शिक्षण. या बायकांना कलावंत म्हणायला आपण फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज जुने गणे, काचळ्या (चोळ्या) आणि फेटिये (घागरे) शहरांतल्या बाजारात जातात, आणि कित्येकदा तुकडे होऊन पिशव्यांवर नि उशांच्या अभ्र्यांवर चिकटतात. तुमच्या घरी असा एखादा गणो असेल तर विकण्याआधी तो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईसमोर पसरा. कुठला टाका कुणी घातला, कवड्या कुठून आणल्या, ते विचारा आणि तिच्या नावासकट लिहून ठेवा.